नवरेपणाचा अतिरिक्त कार्यभार

साहेब सरकारी नोकरीत एकच गोष्ट शिकले, पण ती हाडात मुरेपर्यंत शिकले. खुर्ची रिकामी ठेवायची नाही. कोणी रजेवर जावो, निवृत्त होवो की स्वर्गवासी होवो, त्याच्या पदाचा अतिरिक्त कार्यभार शेजारच्या खुर्चीतल्या माणसाच्या गळ्यात घालायचा आणि आपण जेवायला जायचं. या एवढ्या हुन्नरावर ते चढत चढत थेट सचिव झाले. मत्स्यखात्याचे सचिव असताना त्यांच्याकडे तुरुंगांचाही कार्यभार होता, आणि खरं सांगायचं तर मासे काय किंवा कैदी काय, कोणाचीही त्यांच्याविरुद्ध कधी तक्रार आली नाही.

निवृत्त झाल्यावर माणसाने घरी बसावं, बायकोशी चार शब्द बोलावेत. बाईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, तशी आशा धरलीही होती. पण निरोपाचे गुच्छ सुकायच्या आत एका कॉलेजच्या मंडळाने साहेबांना प्राचार्य करून टाकलं. का, तर आधीचे प्राचार्य वैतागून निघून गेले होते आणि खुर्ची रिकामी होती. रिकामी खुर्ची म्हटल्यावर साहेब कसले नाही म्हणतायत.

रुजू झाले त्याच आठवड्यात तर्कशास्त्र शिकवणाऱ्या मॅडम बाळंतपणाच्या रजेवर गेल्या. साहेबांनी तर्कशास्त्र व्यायामसरांकडे दिलं. व्यायामसर म्हणजे दाराएवढा माणूस, गळ्यात शिट्टी, मन एकदम साफ.

"साहेब, मला त्यातलं ओ की ठो कळत नाही," ते म्हणाले.

"कळायचं काय आहे त्यात? कार्यभार आहे तो, विषय नाही," साहेब म्हणाले.

सरांनी पोरांना मैदानावर नेलं. निष्कर्ष चुकला की एक फेरी, हेत्वाभास केला की दोन. निकाल चांगला लागला आणि तिथेच सगळा घोळ झाला, कारण त्यानंतर साहेबांना आवरणारं कोणी उरलं नाही. वसतिगृहाचा स्वयंपाकी आजारी पडला तेव्हा त्याची कढई भूगोल विभागाकडे गेली. मग साहेबांची नजर वर्गातल्या रिकाम्या बाकांवर पडली. गैरहजर विद्यार्थ्याचा कार्यभार शेजारच्या विद्यार्थ्याने सांभाळावा, असं फर्मान निघालं. एका हुशार मुलीच्या वाट्याला तीन टवाळखोर आले. तिने मुकाट्याने चौघांच्या उत्तरपत्रिका लिहिल्या, तर त्यातल्या एका टवाळाला तिच्यापेक्षा जास्त गुण पडले. ती बिचारी रडकुंडीला येऊन साहेबांकडे आली. साहेबांनी त्या टवाळाच्या गुणांबद्दल तिचंच अभिनंदन केलं. मंडळ मात्र खूश होतं, गैरहजेरी औषधालाही उरली नव्हती.

अशात बाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं. बाई तशा कोणाला भिणाऱ्यातल्या नव्हेत, पण भुलेचं नाव काढलं की त्या विषय बदलायच्या. त्यांची आई भुलेतून उठलीच नव्हती.

"मला आत नेतील तेव्हा तुम्ही दारात हवे," बाई जेवताना म्हणाल्या. "बाहेर आणतील तेव्हाही. मी दुसरं काही मागत नाही."

"म्हणजे काय, असणारच," साहेब म्हणाले. ते थाप मारत नव्हते. बाईंवर त्यांचा जीव होता, फक्त तो दाखवायचं दरवेळी राहून जायचं.

आणि नेमकी त्याच दिवशी मंडळाची बैठक लागली. साहेब चांगलेच कात्रीत सापडले. केबिनमध्ये येरझाऱ्या घालून घालून त्यांचे पाय दुखायला लागले. शेवटी हाडांतली सवय कामाला आली. त्यांनी टंकलेखकाला बोलावलं आणि खणखणीत आवाजात आदेश सांगितला: प्राचार्य बैठकीत व्यग्र असल्याने त्यांच्या पतिपदाचा अतिरिक्त कार्यभार पुढील आदेश होईपर्यंत व्यायामसरांकडे सोपवण्यात येत आहे. सही केली आणि त्यांचा जीव भांड्यात पडला.

व्यायामसरांनी आदेश दोनदा वाचला. "साहेब, यात नक्की काय काय येतं?"

साहेबांनी विचार केला. बराच वेळ केला, पण डोळ्यांपुढे काही येईना.

"दारात उभं राहायचं," ते म्हणाले. "बाकीचं प्रसंग पडेल तसं."

बैठक लांबली. तिच्यातून दुसरी बैठक निघाली. साहेब दवाखान्यात पोचले तोवर ऑपरेशन होऊन दोन दिवस उलटले होते. खोलीच्या दारात नर्सने त्यांना अडवलं.

"काका, कुठे?"

"मी पेशंटचा नवरा."

"नवरे आत आहेत," नर्स म्हणाली. "एका वेळी एकच सोडतो आम्ही."

दुसरा कोणी असता तर दवाखाना डोक्यावर घेतला असता. पण नियम बरोबर होता, त्यामुळे साहेब निमूटपणे बाकावर टेकले. तेवढ्यात आतून बाईंचं हसू ऐकू आलं, खळखळून, दम लागेपर्यंत. बाई अशा हसतात हे साहेब विसरूनच गेले होते. त्यांना मत्सर वाटला आणि त्या मत्सराची लाजही वाटली.

अखेर नर्सने त्यांना आत सोडलं. व्यायामसर खाडकन उभे राहिले.

"साहेब, भूल देईपर्यंत हात धरला होता. शुद्धीवर आल्यावरही धरला. मधे दारातून हललो नाही. कालपासून बाईंना थोडं थोडं चालवतोय. कार्यभार परत घेताय ना?"

"घेतो," साहेब म्हणाले. "या क्षणापासून मी रुजू."

"अहो, थांबा जरा," बाई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, असता तर बरं झालं असतं. "ह्यांच्याकडे तो परवा आला. त्याच्या आधी कोणाकडे होता?"

"माझ्याकडे. दुसऱ्या कोणाकडे असणार?"

"पोरगी झाली तेव्हा तुम्ही दौऱ्यावर होता. मी माझी रिक्षा करून गेले. तिला शाळेत घातलं मी, तिचं लग्न उरकलं मी. मामंजी गेले तेव्हा माणसं मी गोळा केली. तुमच्या पदाचा कार्यभार लग्नापासून माझ्याकडेच आहे, माझं पद सांभाळून. आदेशसुद्धा काढला नाहीत कधी." त्यांनी व्यायामसरांकडे बघितलं. "ह्यांच्या नावाने निदान आदेश तरी निघाला. मला इतकं हसू येत होतं ना, तुम्हाला काय सांगू."

साऱ्या जन्मात एक खुर्ची रिकामी ठेवली नाही आणि स्वतःच्या घरातली कधी भरलीच नाही, हे त्यांना तिथे उभ्या उभ्या कळलं. त्यांना रडू आलं. चष्मा काढून ते म्हणाले, "मग मी आता काय करू? तू सांग."

"माझी चालायची वेळ झालीय," बाई म्हणाल्या.

व्यायामसर शहाणे निघाले, पाणी आणायच्या निमित्ताने बाहेर सटकले. बाईंनी पाय खाली सोडले. साहेब लगबगीने पुढे झाले आणि त्यांनी हात पुढे केला. बाईंनीही हात उचलला, पण तो साहेबांकडे वळलाच नाही. तो आपोआप पलंगाच्या कठड्याकडे गेला. कठडा धरून, ओठ आवळून बाई आपल्या आपण उभ्या राहिल्या आणि एक एक पाऊल टाकत दाराकडे निघाल्या. साहेब हात तसाच पुढे धरून त्यांच्या मागून चालायला लागले.