सातवा क्लोरीन

हर्षाली मॅडमनी कपाळावर हात मारला. उद्या मालूचा बारावीच्या पुरवणी परीक्षेतला केमिस्ट्रीचा पेपर, आणि पोरीनं सरावाला पुन्हा तेच लिहिलं होतं: आयोडीनभोवती सात क्लोरीन बसतात.

"अगं बाई, सात फ्लोरीन बसतात! क्लोरीन नाही बसत! किती वेळा सांगू?"

मालू मान खाली घालून वहीच्या कडेला रेघोट्या ओढत राहिली. जव्हारजवळच्या वावर गावची पोर, महाहट्टी. या खेपेला सुटली तर नर्सिंगला जाणार, नाहीतर मामा तिला भिवंडीच्या गोदामात कामाला लावणार होता. काळजीनं झोप मात्र मॅडमची उडाली होती.

खरं तर घोळ मॅडमचाच. सोपं करून सांगायला गेल्या आणि वर्गात जीपचं उदाहरण दिलं. आयोडीन म्हणजे मोठी जीप, फ्लोरीन म्हणजे बारकी पोरं, सात आरामात मावतात. क्लोरीन अंगानं थोराड, ते सात कसे मावतील? जव्हारच्या पोरांना हे विचारायचं! अख्खा वर्ग एका सुरात ओरडला, मावतील! मागं लटकतील, टपावर बसतील! नंतर बाकीच्यांनी पुस्तकातलं उत्तर पाठ करून वेळ मारून नेली, पासही झाले. ही बया तेवढी अडून बसली.

"मेली ती जीप! सात क्लोरीन एकमेकांना रेटतात, आयोडीनच्या जवळ कुणालाच नीट जाता येत नाही, बंध टिकत नाही. कळतं ना?"

"कळतं."

"मग लिहीत का नाहीस? मुद्दाम छळतेस मला?"

मालूचे डोळे भरले. "मॅडम, आमच्याकडं शेवटच्या जीपमधनं कुणाला उतरवत नाहीत. अंधारात घाटात कुठं जाईल तो? या सातव्या क्लोरीनला उतरवलं, तर त्यानं जायचं कुठं?"

मॅडम खेकसायला गेल्या आणि थांबल्या. हे आजवर कुणी विचारलंच नव्हतं. त्यांनी सांगितलंही नव्हतं.

"आयोडीन तिघांना धरून ठेवतो," त्या सावकाश म्हणाल्या. "उरलेले चार आपापसात दोन जोड्या करतात. क्लोरीनची जोडी चांगली घट्ट असते गं. त्या चेंगराचेंगरीत लटकण्यापेक्षा ते जोडीनं सुखी. म्हणून तर ते संयुग तयार होत नाही."

"म्हणजे रस्त्यावर कुणीच पडत नाही?"

"कुणीच नाही."

"मग हे आधी सांगायचं ना, मॅडम!" मालू तणतणली आणि नाक पुसत कारणासकट उत्तर लिहू लागली.

मॅडमना मात्र आता नुसतं पाठ करून पास झालेल्या पोरांची काळजी लागली.