रडेल त्याचा नंबर आधी

"अहो, त्या भोंग्याला आधी आत घ्या!"

सुईआजींनी खुर्चीवरूनच हुकूम सोडला आणि भोकाड पसरलेल्या पोराला काखोटीला मारून त्याची आई डॉक्टरांच्या खोलीत शिरली. बाकावरच्या एका गृहस्थांनी तोंड उघडलं.

"पण नंबर तर आमचा होता..."

"तुमची कन्या शांत बसलीय ना? मग तुम्हालाही बसता येईल."

हशा पिकला. गृहस्थही हसले. सुईआजींपुढे न हसून करतात काय!

आता बाहेरच्या माणसाला हा सरळसरळ अन्याय वाटेल. पण लहान मुलांच्या दवाखान्यात एक पोर रडलं की दुसऱ्याचा ओठ बाहेर येतो, दुसऱ्याचं ऐकून तिसरं टाहो फोडतं, आणि मग आत छातीला नळी लावून बसलेल्या डॉक्टरला ऐकू काय येणार, डोंबल? म्हणून सुईआजींनी फार पूर्वीच नियम करून टाकला होता, रडेल त्याचा नंबर आधी. बोलेल त्याची बोरं विकतात, हे तर जगाचंच चालत आलेलं आहे. इथे बोलता न येणाऱ्यांचा कारभार, म्हणून रडेल त्याची. काही आया दारातून आत येताना पोराला हळूच चिमटा काढतात अशी कुजबुज होती. सुईआजींच्या ती कानावर होती. त्या म्हणायच्या, "काढू दे. माझं काय जातं?"

अर्ध्या गावाच्या दंडात त्यांनी सुया टोचल्या होत्या, त्यावरूनच हे नाव पडलं होतं. मोठ्या डॉक्टरांच्या वेळेपासून दारापाशी त्यांची खुर्ची होती. मोठे डॉक्टर पाहुण्यांना सांगायचे, "दुसऱ्यांचे दवाखाने म्हणजे मासळीबाजार. माझ्याकडे टाचणी पडली तर ऐकू येते, आणि ते सगळं या बाईंमुळे." हे वाक्य सुईआजींनी जपून ठेवलं होतं. घरी त्यांना विचारत होतं कोण? मुलगा आणि सून भली माणसं, पण भाजी चिरायला घेतली की सून हातातून सुरी काढून घ्यायची. "तुम्ही आराम करा हो आई." आराम करून करून माणूस भिंतीला टेकवलेल्या छत्रीसारखं होतं. सकाळी पांढरा ॲप्रन चढवला आणि दवाखान्याची पायरी चढली की मग कुठे त्यांच्या जिवात जीव यायचा.

मोठ्या डॉक्टरांचे गुडघे गेले आणि त्यांची मुलगी दवाखान्यात बसू लागली. सगळे तिला ताई म्हणत. ताई हुशार, हाताला गुण, पण डोक्यात नवनवी खुळं. आता काय, तर म्हणे बाळाचं वजन कपडे काढूनच करायचं. औषध कसं द्यायचं ते आईला सांगायचं आणि मग तिच्याकडूनच पुन्हा वदवून घ्यायचं. आणि दर शनिवारी दुपारी दार लावून चौघांनी चहा घेत बसायचं. ताई, सुईआजी, औषधं देणारे काका आणि नावं लिहिणारी मुलगी. विषय एकच, या आठवड्यात आपलं कुठे चुकलं.

"कुणाचं चुकलं, हे विचारायचं नाही," ताईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. "कुठे चुकलं, तेवढंच."

"चुका उगाळून का कुणाला शहाणपण येतं?" सुईआजी काकांच्या कानात पुटपुटल्या होत्या. त्या ताईंच्या बारशाला जेवल्या होत्या. तिनं शिकवायचं आणि आपण मान डोलवायची म्हणजे जरा अतिच झालं. तरी वजन, औषध, सगळं त्यांनी नाक मुरडत का होईना पाळलं. फक्त एकदा ताई चहाचा कप घेऊन त्यांच्या खुर्चीपाशी आल्या आणि म्हणाल्या, "मावशी, हे रडणाऱ्याला आधी घेणं... जरा बदलू या का?" तेव्हा मात्र सुईआजींच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

"तुमच्या वडिलांनी कधी नाव ठेवलं नाही याला."

ताई चहा संपवून आत गेल्या. सुईआजींना वाटलं, आपण जिंकलो.

त्यानंतर तापाची साथ आली. सकाळपासून रांग पायरीच्या खाली गेली होती. त्या गर्दीत एक टेम्पोवाला आपल्या मुलीला शालीत गुंडाळून घेऊन आला. वर्षाच्या आतली पोर, बापाच्या खांद्यावर मान टाकून झोपलेली. नाव लिहिणाऱ्या मुलीला तो म्हणाला, "जुलाब होतायत, उलट्या पण," आणि कोपऱ्यातल्या बाकावर अंग चोरून बसला. बायको कामावर गेली होती, म्हणून एकटाच आला होता.

त्या दिवशी भोंगे तरी किती! एकाच्या कानात मणी अडकलेला, दुसऱ्याला नुसतं डॉक्टरांचं दार बघूनच रडू फुटलेलं, तिसरीला बाहेरचा फुगा हवा होता. सुईआजींनी एकेकाला आत ढकललं. मध्येच टेम्पोवाला उठून आला.

"आजी, अजून किती वेळ लागेल? सकाळपासून ही..."

"झोपलीय ना?"

"हो, झोपलीय."

"मग झोपू द्या की! किती गुणी लेक आहे तुमची. या भोंग्यांना म्हणावं, शिका जरा हिच्याकडून."

तो ओशाळून हसला आणि परत जागेवर जाऊन बसला. पोरीचं कौतुक झालं याचं त्याला बरंच वाटलं असणार.

तिचा नंबर आला तेव्हा सुईआजींनी शाल सोडली, कपडे काढले आणि तिला वजनाच्या पारड्यात ठेवलं. पारडं गार असतं. त्यात ठेवलं की धट्टंकट्टं पोर किंचाळतं, रोगट पोर कुरकुरतं. ही पोर काहीच बोलली नाही. डोळे अर्धे उघडे होते, खोल गेलेले, आणि ओठ कोरडे पडून भेगाळले होते. सुईआजींनी तिच्या तळपायाला टिचकी मारली. पाय हलला नाही.

पोरीला छातीशी धरून त्या ताईंच्या खोलीत घुसल्या. आत ताई दुसरं मूल तपासत होत्या, त्याच्या आईला सुईआजींनी कोपरानंच बाजूला सारलं.

"ताई, ही बघ! आधी ही बघ!"

पुढचं सगळं भराभर झालं. पोरीच्या अंगातलं पाणी संपत आलं होतं. सलाईन लावायला हवं होतं. आयुष्यभर बाळांच्या केसाएवढ्या शिरा शोधणारे सुईआजींचे हात, पण त्या वेळी त्यांना शीर सापडेना, सुई ताईंनाच घ्यावी लागली. सुईआजींनी नुसती बाटली वर धरली. गाडी बोलावली, ताई स्वतः पोरीबरोबर मोठ्या रुग्णालयात गेल्या. टेम्पोवाला गाडीत चढता चढता कुणाला तरी समजावत होता, बहुतेक स्वतःलाच, "मला वाटलं गुणी आहे... आजी म्हणाल्या ना, गुणी आहे."

दवाखाना बंद झाला. सुईआजी रिकाम्या व्हरांड्यात बसून राहिल्या. त्यांना रडू येत नव्हतं. पोरीला काही झालं तर? आणि नाही झालं तरी आता आपल्या हातात कुठली आई मूल देणार, आणि का द्यावं?

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ताईंचा निरोप आला. पोरीनं दूध घेतलं, अजून काही दिवस ठेवतील, पण धोका टळला. सुईआजींनी फोन ठेवला आणि मग मात्र पदर तोंडाला लावून हमसून हमसून रडल्या. सून घाबरून पाणी घेऊन आली. त्यांनी तिला काही सांगितलं नाही.

शनिवारी दुपारी चौघं बसले. काकांनी आधीच सारवासारव सुरू केली.

"बापानं जरा ओरडून सांगायला नको? मूग गिळून बसला. चूक त्याची आहे."

"गप्प बसा हो," सुईआजी म्हणाल्या. "त्यानं विचारलं होतं. मीच त्याला गप्प केलं."

मग त्यांनी पिशवीतून इस्त्री केलेला ॲप्रन काढला आणि टेबलावर ठेवला. घरून ठरवूनच आल्या होत्या. इस्त्री करताना बाह्यांवर दोनदा हात फिरवला होता.

"हे कशाला?" ताईंनी विचारलं.

"म्हणजे तुम्हाला तोंडानं सांगायची पाळी यायला नको."

ताईंनी ॲप्रनची घडी बाजूला सारली. "मावशी, तुम्ही गेलात तर तुमच्या जागी येईल ती काय करेल? दारापाशी बसेल आणि जो रडतोय त्याला आत सोडेल. मीही तेच केलं असतं. रडणं ऐकू येतं हो, गप्प पडलेलं कुणाला ऐकू येणार? मूल दारातून आत आल्यावर त्याला हात लावून बघणारंच आपल्याकडे कुणी नाही. माणूस बदलून काय होणार आहे?"

"ते तुमचं मोठेपण झालं."

"मोठेपण कसलं? मला हे आधीच दिसत होतं. मी तुमच्यापाशी बोलायला आले होते, आठवतंय? तुम्ही बाबांचं नाव काढलंत आणि मी चहा पिऊन परत गेले. तुमचा मान राखायला गेले, आणि त्या पोरीचा जीव जाता जाता राहिला."

हे ऐकलं मात्र, सुईआजी उसळल्या. "मग झापायचं ना मला! चांगलं खडसवायचं! लहानपणी सुई टोचली तर कडकडून चावली होतीस मला, तेव्हा नाही माझा मान राखलास ते!"

मग नाव लिहिणारी मुलगी फिस्सकन हसली, काका हसले, आणि ताई तर हसता हसता डोळे पुसायला लागल्या. सुईआजींनाही हसू आवरेना. ॲप्रन ताईंनी उचलला आणि त्यांच्या मांडीवर ठेवला.

"सोमवारपासून चावणार आहे," ताई म्हणाल्या. "तयार राहा."

आणि खरंच, सोमवारपासून शिकवणी सुरू झाली. मूल दारात आलं की आधी ते बघायचं, नंबर नंतर. शाल बाजूला करायची. श्वास कसा चाललाय, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर लगेच बसते का, शेवटचं प्यायलं कधी, लघवी केली कधी. आणि झोपलंय असं म्हटलं तर उठवून बघायचंच. सुईआजींचा अर्धा दिवस खुर्चीवर जायचा, तो आता उभ्यानं जाऊ लागला. पहिल्या आठवड्यात पाय असे दुखले की विचारू नका. चुकल्या की ताई सगळ्यांसमोर नाही, पण बाजूला घेऊन स्पष्ट सांगायच्या. सुईआजी फणकारायच्या आणि पुढच्या मुलापाशी तसंच करायच्या.

"अहो, आत्ता कुठे डोळा लागलाय त्याचा!" एखादी आई कळवळायची.

"लागू दे पुन्हा. मला एकदा त्याचे डोळे बघू दे."

उठवलेलं मूल रडणार नाही तर काय करणार? एकाचं ऐकून दुसरं, दुसऱ्याचं ऐकून तिसरं. वर्षानुवर्षं जपलेल्या शांततेचे तीनतेरा वाजले. जुन्या आया आपापसांत म्हणायच्या, "सुईआजींचा वचक राहिला नाही हो पूर्वीसारखा." ते त्यांच्या कानावर यायचं आणि लागायचंही. एकदा एका बाईला पोराला चिमटा काढताना त्यांनी डोळ्यांनी पाहिलं.

"कशाला छळतेस त्याला? खणखणीत रडतोय, झकास आहे पोरगा. बस निवांत," त्या म्हणाल्या. आणि ताप चढून मलूल पडलेल्या शेजारच्या मुलाला उचलून आधी आत घेऊन गेल्या.

महिना उलटला असेल. सकाळच्या गर्दीत पायरीवर टेम्पोवाला दिसला. कडेवर पोर, अंगात पिवळं झबलं, मान ताठ, चौफेर बघणारी. तपासणीला बोलावलं होतं. सुईआजी नाव लिहिणाऱ्या मुलीला घाईघाईनं म्हणाल्या, "त्यांच्याकडे तू बघ गं जरा," आणि कापूस शोधायच्या निमित्तानं कपाटाकडे वळल्या. कापूस समोरच होता. त्याच्याशी नजरानजर झाली तर काय बोलायचं, हे त्यांना सुचत नव्हतं. माफी मागायची, तर ती भर गर्दीत कशी मागायची?

बाहेर कुणीतरी हॉर्न वाजवायला लागलं. एकदा, दोनदा, मग सारखंच. "कुणाचा आहे हो टेम्पो? रस्ता अडलाय सगळा!"

टेम्पोवाल्यानं गडबडीनं आजूबाजूला पाहिलं. बाकांवर पाच-सहा बाया होत्या, नाव लिहिणारी मुलगी समोरच उभी होती, काका खिडकीत होते. तो त्या सगळ्यांना ओलांडून कपाटापाशी आला.

"आजी, जरा धरा हिला. गाडी बाजूला लावून येतो."

आणि सुईआजी वळून काही बोलायच्या आत पोर त्यांच्या हातात देऊन तो पायऱ्या उतरून गेलासुद्धा.

पोर जड झाली होती. तिनं सुईआजींकडे टक लावून बघितलं, मग त्यांच्या चष्म्याची काडी मुठीत पकडली आणि जोरात ओढली. चष्मा नाकावर तिरका झाला. सुईआजींनी तो सरळ केला नाही. त्यांना समोरचं नीटसं दिसेनासं झालं होतं, त्यात चष्म्याचा काही दोष नव्हता.

नाव लिहिणाऱ्या मुलीनं दोन्ही हात पुढे केले. "द्या आजी, मी घेते. दारात दोन मुलं आलीत, तुम्हाला बघायचीयत ना?"

"बघते की, हिला घेऊनच बघते," सुईआजी म्हणाल्या. "माझ्याकडे दिलीय त्यानं."