सुरुवातीचे सतरा सेकंद

कुकरची शिट्टी झाली. पुरी नाही, अर्धीच. मध्येच दम लागल्यासारखी. निधीला थोपटता थोपटता श्वेता गॅस बंद करायला उठली आणि स्वयंपाकघराच्या दारात थबकली. ओटा पुसलेला, कुकर धुऊन पालथा घातलेला. तिच्या घरात या वेळी कुकर लागतच नव्हता.

शिट्टी गाण्यातली होती. दोन वर्षं झाली, रोज दुपारी त्याच जागी वाजायची आणि रोज श्वेताचे पाय आपोआप उठायचे.

गाणं म्हणजे एक अंगाई. कोणी बाई घरात बसून गायलेली. पेटी नाही, तबला नाही. मागे पंख्याची घरघर, तिसऱ्या कडव्यानंतर ती अर्धी शिट्टी आणि शेवटी अगदी हळू आवाजात, "नीज गो सिंती, नीज आता." सिंती कोण, बाई कोण, काही पत्ता नाही. निधी दीड वर्षाची असताना तिच्या बाबाने, हर्षदने साकीनाक्याच्या एका मोबाईलवाल्याकडून स्पीकरमध्ये घालायला मेमरी कार्ड भरून आणलं होतं. अठराशे गाणी. भजनं, हळदीची गाणी, डीजेचा धांगडधिंगा आणि त्यात कुठूनशी आलेली ही. नावाच्या जागी नुसते आकडे. निधीला दुसरं काही लावलं तर ती डोळे टक्क उघडे ठेवून छताकडे बघत बसायची.

एकच अडचण होती. सुरुवातीला एक पोर खिदळायचं, काहीतरी बोलायचं, मग बाईचं "शूऽऽ". ते ऐकलं की निधीची झोप उडायची, तीही खिदळायला लागायची. गेल्या दिवाळीत श्वेताने फोनवर ते सतरा सेकंद कापले, जुनं पुसलं आणि कार्डावरही नवंच घातलं. प्लेग्रुपच्या आयांच्या ग्रुपवर पाठवलं तेव्हा अनुपमाने लिहिलं होतं, "झकास! आमचा पाच मिनिटांत आडवा!" मग ते कुठून कुठे गेलं, कोणी मोजलं नाही.

आज श्वेता स्वयंपाकघराच्या दारातून वळली तर जाळीच्या दाराबाहेर आयरीन आंटी उभी.

आयरीन रस्त्यापलीकडच्या गावठाणात राहायची, तिथेच शिवणकाम करायची. श्वेताचे पडदे घेऊन आली होती. तिची एक सवय सगळ्यांना माहीत होती. शिवलेल्या कपड्याबरोबर उरलेली चिंधीन् चिंधी पिशवीत घालून परत द्यायची. ती पिशवीही हातात होती.

"आंटी, बेल नाही वाजवलीत?"

आयरीनने ओठांवर बोट ठेवलं. गाणं संपेपर्यंत ती हलली नाही. मग आत येऊन म्हणाली, "परत लाव."

"आवडलं?"

"लाव गं."

श्वेताने लावलं. अर्धी शिट्टी झाली तशी आयरीन फरशीवरच बसली, पडद्यांची घडी मांडीवर घेऊन.

"माझा कुकर हाय तो. रबर गेलेला त्याचा. ॲलन रोज बोलायचा, नवीन टाक, नवीन टाक. नवऱ्याचं कोण ऐकतं? नाय टाकला."

श्वेताला आधी हसूच आलं. मग आयरीनच्या शिवणयंत्राच्या वर टांगलेला फोटो आठवला. पांढऱ्या फ्रॉकातली चार वर्षांची मुलगी. खाली नाव, सिंथिया.

"मी कामावर जायची तेव्हा माझी आई हे लावून तिला निजवायची," आयरीन म्हणाली. "म्हणून घरच्या फोनात गाऊन भरलेलं मी. मग त्या पावसात डेंग्यू. चार दिवसांत गेली. महिन्याभरात फोन पण बंद पडला. साकीनाक्याला दिला. तो बोलला, आंटी, फोन चालू होईल, आतलं सगळं गेलं. हात जोडले मी त्याला. बोलला, गेलं म्हणजे गेलं."

गेलं नव्हतं. अठराशे गाण्यांत घालून विकलं जात होतं. श्वेताला ते तोंडाने म्हणवेना, आणि म्हणायची गरजही नव्हती.

"याच्या आधी ती हसते," आयरीन म्हणाली. "बोलते पण कायतरी. ते लाव."

श्वेता फोनकडे बघत राहिली.

"लाव ना. फोटो ढीग हायत गं माझ्याकडे. आवाज नाय राहिला. सहा वर्षं झाली. स्वप्नात येते तर नुसतं तोंड हलतं तिचं."

श्वेताने सांगितलं. सांगताना आवाज इतका बारीक झाला की आयरीनला पुढे वाकावं लागलं.

"कापलंस?"

"निधी जागी व्हायची. मला काय माहीत आंटी, ते कोणाचं आहे..."

"कोणाचं तरी असणार ना."

पंखा फिरत होता. आयरीनने चिंध्यांची पिशवी श्वेताच्या पुढ्यात ठेवली. "मी एवढीशी पट्टी पण परत देते. तू उरलेलं कुठे टाकलंस?"

संध्याकाळी हर्षद म्हणाला, "आपण थोडंच चोरलंय? दुकानात जाऊन विकत आणलं, यार."

"विकायला ते त्याचं होतं का?"

"मग काय, आता प्रत्येक गाण्याचा सातबारा बघत बसायचा?" असं म्हणाला खरा, पण दुसऱ्या दिवशी ऑफिस सोडून साकीनाक्याला गेला. तिथे आता चष्म्यांचं दुकान होतं. मोबाईलवाला गावी गेला, कॉम्प्युटर भंगारात गेला, एवढंच कळलं.

श्वेताने ग्रुपवर विचारलं, सुरुवातीला मूल हसतं ती जुनी फाईल कोणाकडे आहे का? ज्यांना ज्यांना पाठवली त्यांनाही विचारा, प्लीज. दोन दिवस फायली येत राहिल्या. मुलुंडहून कुणाच्या वहिनीची, बोरिवलीहून, घाटकोपरहून. वाकोल्याच्या एका अनोळखी बाईने तर आवर्जून कळवलं की आमच्या मजल्यावर सगळ्याच लावतात. श्वेता एकेक उघडायची, श्वास रोखायची. प्रत्येक वेळी पहिला सूर यायचा, तिने कापला होता तिथूनच. वाट लागली होती, आणि ती तिनेच लावली होती.

"अगं, तुझंच तर फिरतंय सगळीकडे," अनुपमाने फोनवर सांगितलं. "जुनं कोण कशाला ठेवेल?"

त्या दुपारी श्वेताच्या मनात एक विचार आला आणि जाईना. या घटकेला किती घरांत तो कुकर अर्धा वाजत असेल, किती बाया उठून रिकाम्या ओट्यापाशी जात असतील. सगळीकडे आयरीन गात होती. सिंती मात्र कुठेच नव्हती.

शुक्रवारी आयरीन आली ती नेमकी झोपवायच्या वेळेला. या वेळी बेल वाजवली.

"नाही मिळालं, आंटी. सगळ्यांना पुसून टाकायला सांगू? एकेकीला फोन करते."

आयरीनने दारात चपला काढल्या. "परवा वाटलेलं, घराघरात घुसून बंद करावं. कोण तुम्ही लोक? माझ्या पोरीला निजवायचं गाणं ते." तिने पदराने मान पुसली. "आता काय समजत नाय. तुझी निजली?"

"नाही अजून."

"मग लाव."

"आंटी..."

"लाव. मला पण कुठे ऐकायला मिळतं दुसरीकडे?"

निधी पलंगावर पडली होती, एक पाय भिंतीला लावून. श्वेताने गाणं सुरू केलं. आयरीन पलंगाच्या कडेला टेकली आणि सवयीने हात पुढे करून निधीला थोपटू लागली. स्पीकरमधला आवाज आणि हा हात एकाच बाईचे आहेत हे फक्त श्वेताला दिसत होतं. तिने नजर खाली घातली.

पहिल्या कडव्यालाच निधी उठून बसली. "ती नाही हसली."

"कोण गं?" श्वेता म्हणाली.

"ती ताई. आधी हसायची ना? मग तिची आई शूऽऽ करायची."

श्वेताला वाटलं होतं पोर कधीच विसरली असेल. आयरीनचा हात हवेतच राहिला. ती निधीच्या तोंडाजवळ वाकली आणि कुजबुजली, "काय बोलायची गं ती?"

निधीने आठवायचा प्रयत्न केला, कपाळाला आठ्या घालून, जीभ बाहेर काढून. आयरीन तिच्या ओठांकडे बघत होती. गाण्यात कुकर अर्धा वाजला. कोणी उठलं नाही.

मग निधीने मान हलवली आणि श्वेताकडे वळली.

"आई, ती कुठे गेली?"