नमुन्याची गाडी

शहराचं पाणी जिथं गाळून, निवळून नळांना सोडतात, त्या केंद्राच्या प्रयोगशाळेत तो कामाला होता. टाक्यांवर जायचं, बाटलीत पाण्याचा नमुना घ्यायचा, त्यात औषधाचे दोन थेंब टाकायचे आणि रंग बघायचा. म्हणून सगळे त्याला ‘नमुने’ म्हणत. हे नाव पाडलं होतं पंपदादांनी. ‘नमुना नमुना आणायला गेलाय’ हा त्यांचा विनोद इतका जुना झाला होता की त्यावर हसायची तसदी आता कोणी घेत नसे. पंपदादा स्वतः मात्र दर वेळी हसत.

पंपदादा म्हणजे पंपघराचे मुख्य. वयानं चांगले मोठे, आणि आवाज असा की सगळे पंप चालू असतानाही त्यांची हाक फाटकापर्यंत पोचायची. केंद्र शहराबाहेर टेकडीवर होतं आणि बस तिकडे फिरकत नसे. नमुने नवा असताना एका सकाळी चढ चढत होता, तेव्हा दादांनी शेजारी गाडी थांबवली. “बस मागे. असा पोचेपर्यंत टाकीतलं पाणी आटेल.” तो बसला, तो वीसेक वर्षं बसलाच.

रोज सकाळी औषधाच्या दुकानापाशी उभं राहायचं, गाडी आली की मागे बसायचं. दिवसातलं त्याचं काय ते बोलणं त्या गाडीवरच व्हायचं. प्रयोगशाळेत तो एकटाच असे. घरी आई होती, ती गेल्यावर घरातही एकटा. लग्न जमता जमता राहिलं होतं, मग राहूनच गेलं. पण जाता-येता दादांची बडबड चालायची आणि हा ‘हं, हं’ करायचा. कधी हाही बोलायचा, पुढे वाकून, त्यांच्या हेल्मेटपाशी तोंड नेऊन. आईच्या आजारपणात डॉक्टरांनी जे सांगितलं, ते त्यानं जगात एकाच माणसाला सांगितलं होतं, आणि तेही त्याच्या पाठीमागून. एवढं असून दोघं एकमेकांच्या घरी कधी गेले नव्हते.

मग पंपदादा निवृत्त झाले. निरोप समारंभात सगळ्यांनी नमुनेला बळंच उभं केलं. “दादा म्हणजे…” एवढं बोलून तो खाली बसला. दादांनी गाडी विकली आणि ते दुसऱ्या गावी मुलाकडे राहायला गेले. “ये रे कधीतरी,” ते म्हणाले. “येतो की,” हा म्हणाला.

त्यानंतर काही महिने तो केंद्राच्या टेम्पोतून जाऊ लागला. टेम्पोवाला माणूस वाईट नव्हता, पण सगळा रस्ता फोनवर बोलायचा. नमुने खिडकीतून बाहेर बघत बसायचा. पुढे टेम्पोचीही वेळ बदलली आणि तो पुन्हा चढ चढू लागला. गुडघे कुरकुरायला लागले, तेव्हा त्यानं परगावी राहणाऱ्या ताईला फोन केला.

“मोटारसायकल घेतोय.”

“कोणासाठी?” ताईनं विचारलं.

“माझ्यासाठी.”

“तुला कुठं येते? या वयात हात-पाय मोडून घेशील, मग करायला कोण आहे तिथं?”

ताई मायेनंच बोलली होती. पण शेवटचं वाक्य त्याला लागलं. कारण ते खरं होतं.

गाडी त्याला केंद्राच्या पहारेकरणीनं शिकवली. ती स्वतः मोटारसायकलवरून कामाला यायची. टाक्यांच्या मागच्या मोकळ्या जागेत तिनं त्याला आपली गाडी दिली. “क्लच हळू सोडा. तुम्ही ती काचेची बाटली ठेवता ना, तसा.” त्यानं बाटली ठेवावी तसा क्लच सोडला आणि थेट कुंपणात गेला. पहारेकरीण पोट धरधरून हसली, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा शिकवायला उभी राहिली. परवाना काढताना पहिल्यांदा नापास झाला, दुसऱ्यांदा पास.

शोरूममध्ये एका हसऱ्या विक्रेतीनं त्याला मधल्या आकाराची गाडी दाखवली. फार दणकट नाही, फार फुसकीही नाही.

“किती देते?” त्यानं विचारलं. दादा प्रत्येक नव्या गाडीकडे बघून हेच विचारायचे.

“रोजच्या जाण्या-येण्याला हिच्यासारखी दुसरी नाही, काका. पेट्रोल नुसतं हुंगते म्हणा ना! रंग कुठला देऊ?”

“साधा.”

“आणि हेल्मेट? एक की दोन?”

“दोन,” तो म्हणाला आणि स्वतःच चपापला. विक्रेतीनं काही न विचारता दोन काढून दिली.

गाडी न्यायला गेला त्या दिवशी तिथं आणखी एक कुटुंब आलं होतं. मुलं नव्या गाडीच्या टाकीवर चढून बसली होती, आजोबा हॉर्न वाजवून बघत होते. शोरूमवाले पुठ्ठ्याची भली मोठी चावी हातात देऊन फोटो काढत होते. नमुनेचा नंबर आला तेव्हा विक्रेतीनं विचारलं, “घरचे येतायत ना?”

“येतील,” तो बोलून गेला.

“मग थांबू या की.”

आता थांबणं भाग होतं. तो खुर्चीवर बसला. दाराकडे बघत राहिला, जणू खरंच कोणी येणार होतं. दुसरं कुटुंब गेलं, फरशी पुसून झाली. शेवटी तो उठला. “अडकलेत वाटतं कुठंतरी,” म्हणाला. विक्रेतीनं त्याच्याकडे एकदा पाहिलं, चावी बाजूला ठेवली आणि म्हणाली, “जाऊ दे काका, फोटोत गाडी तशीही चांगली येत नाही.” या खोटेपणाबद्दल त्याला तिचे आभार मानावेसे वाटले. पण जमलं नाही.

गाडीवर हात बसला, तसा एका रविवारी तो दादांच्या गावी निघाला. येतोय एवढंच त्यानं फोनवर सांगितलं होतं, गाडीचं बोलला नव्हता. रस्ता लांबचा होता. वाटेत दोनदा थांबून त्यानं पाठ मोकळी केली.

दादांच्या सुनेनं दार उघडलं, अगत्यानं बसवलं, चहा दिला आणि मुलाचा अभ्यास घ्यायला आत गेली. दादा समोर येऊन बसले. वाळले होते. नमुनेला त्यांच्या मानेवरचा तीळ पाठ होता, पण डोळे घारे आहेत हे आज कळलं.

“बरा आहेस?”

“बरा आहे. तुम्ही?”

“मजेत.”

टीव्ही चालू होता. दोघंही त्याच्याकडे बघत बसले. चहा संपला, तरी नमुने कपातून घोट घेतल्यासारखं करत राहिला. एवढ्या लांब आपण कशाला आलो, असं त्याला वाटायला लागलं.

“कोणाबरोबर आलास?” शेवटी दादांनी विचारलं.

“एकटाच. खाली गाडी उभी आहे.”

“कोणाची?”

“माझी.”

दादा चपला शोधत उठलेसुद्धा. खाली येऊन त्यांनी गाडीभोवती फेरी मारली, टायर दाबून पाहिला, चेन सैल आहे म्हणून दोन शिव्या हासडल्या. “नमुना गाडी चालवतो! किती देते रे?”

“बसा ना मागे,” नमुने म्हणाला आणि दुसरं हेल्मेट पुढे केलं.

“मी? मागे?” दादांनी हेल्मेट हातात फिरवलं. मग खांद्याचा आधार घेऊन, कण्हत, चढून बसले.

गाडी गल्लीतून मोठ्या रस्त्याला लागली तसे दादा बोलू लागले. बराच वेळ बोलत होते. पण वाऱ्यात आणि हेल्मेटात नमुनेला नुसती गुणगुण ऐकू येत होती. मधेच एखादा शब्द कळायचा, ‘जेवताना’, ‘सकाळी’. तो ‘हं, हं’ करत राहिला. मग एकाएकी ‘हं’ म्हणायचा थांबला. त्यानं पेट्रोलपंपाच्या कडेला गाडी थांबवली आणि हेल्मेट काढलं.

“दादा, मी मागून बोलायचो ते तुम्हाला ऐकू यायचं?”

“कधी यायचं, कधी नाही. हेल्मेटात काय डोंबल ऐकू येतंय!”

“आईचं सांगितलं होतं. डॉक्टर काय म्हणाले ते.”

“आजारी आहे हे सगळ्यांनाच माहीत होतं. पण डॉक्टरांचं… नाही रे, ते नाही ऐकलं. तू काहीतरी बोलत होतास आणि मग तुझं डोकं माझ्या पाठीला टेकलं. एवढं कळलं. म्हणून त्या दिवशी गाडी तळ्याकडच्या लांबच्या रस्त्यानं घेतली.”

नमुनेला तो लांबचा रस्ता आठवेना. त्याला फक्त पाठ आठवत होती. तो हेल्मेटच्या काचेवरची धूळ बोटानं पुसत राहिला.

“आत्ता मी काय बोललो ते ऐकलंस?” दादांनी विचारलं.

“नाही.”

“मग ‘हं’ कशाला म्हणत होतास, लबाडा?” दादा हसले, पण लगेच थांबले.

“पुन्हा सांगा.”

“असं समोरासमोर नाही येत मला. तू चालव, हळू.”

परतताना त्यानं हेल्मेट आरशाला अडकवलं आणि कडेकडेनं, सायकलीही पुढे जातील इतकी हळू गाडी चालवली. दादा त्याच्या कानाशी वाकले.

“वाईट नाहीत रे कोणी इथं. जीव लावतात. पण सगळे आपापल्या कामात असतात. सकाळी तयार होऊन बसतो, आणि जायचं कुठं नसतं.”

“हं,” नमुने म्हणाला. मग तेवढं पुरेसं वाटेना, म्हणून मान वळवून मोठ्यानं म्हणाला, “मीही घरी कोणाशी बोलत नाही, दादा.”

“पुढं बघ!” दादा ओरडले.

दारात उतरल्यावर दादांनी हेल्मेट त्याच्या हातात दिलं. नातू गॅलरीतून हाका मारत होता. “चेन आवळून घे,” एवढंच ते म्हणाले आणि जिना चढू लागले. मधल्या वळणावर दम खायला थांबले, तेव्हा नमुनेनं हात केला. त्यांचं लक्ष नव्हतं.

उजेड होता तोवर तो घरी पोचला. कुलूप काढलं, खिडक्या उघडल्या आणि दादांना फोन लावला. सुनेनं उचलला. “बाबा जरा आडवे झालेत. तुम्ही पोचलात ते सांगते हं.” तो बरं म्हणाला.

मग ताईचा फोन आला. ती सकाळपासून काळजीत होती. “आलास ना धडधाकट? एवढ्या लांब एकट्यानंच?”

“थोडा वेळ दादा होते मागे,” तो म्हणाला.

“मग बरं,” ताई म्हणाली आणि मुलांच्या परीक्षेचं सांगू लागली. तो खिडकीपाशी उभा राहून ‘हं’ म्हणत होता. खाली, भिंतीला लागून त्याची गाडी उभी होती. इंजिन अजून गरम असेल, असं त्याला वाटलं.