मार्तंडरावांच्या नाकाखाली

हसू नका. मी बिअरचा ग्लास बोलतोय. असल्या ग्लासानं कुठे आपली कहाणी सांगायची असते का, असं तुमच्या मनात आलंच असेल. शाळेत तुम्ही फाटक्या पुस्तकाला बोलू देता, मोडक्या छत्रीला बोलू देता, मग मलाही थोडं बोलू द्या.

माझा जन्म कुठल्या भट्टीत झाला ते मला ठाऊक नाही. आठवते ती पुण्यातल्या एका दुकानाची फळी. शेजारचे ग्लास उंच, सरळसोट होते. मी मात्र पोट सुटलेला आणि तोंडाशी आवळलेला. एका बाईंनी तर मला फुलदाणी समजून उचललं आणि लहान आहे म्हणून परत ठेवून दिलं. तो अपमान मी अजून विसरलेलो नाही. माझा बांधा असा का, ते कुशल सरांना बरोबर कळलं. पोटात वास साठतो आणि अरुंद तोंडातून थेट नाकाशी येतो. त्यांनी आम्हा तीन भावंडांना वर्तमानपत्रात गुंडाळून पिशवीत घातलं आणि चिखलीच्या गाडीत बसवलं.

कुशल सर खामगावच्या एका कॉलेजात शिकवतात. त्यांची बहीण पुण्याला असते. तिच्याकडे गेले की येताना ते लहानलहान ठिकाणी बनवलेली, थोडी थोडी निघणारी क्राफ्ट बिअर घेऊन येत. ती प्यायला जमायचं ते शालिग्रामच्या शेतात, अमडापूरच्या अलीकडे. शालिग्राम भाजीपाला पिकवतो. त्याच्या विहिरीजवळच्या मोटारीच्या खोलीपुढे बाज टाकलेली असे. टिन आणि बाटल्या पोत्यात घालून दोरानं विहिरीत सोडायच्या, गार झाल्या की वर ओढायच्या. आम्ही येण्याआधी ही मंडळी स्टीलच्या पेल्यातून पीत होती. दुरून कुणी पाहिलं तर ताक वाटावं, म्हणून!

मी आलो तो तिसऱ्या मित्राच्या वाट्याला. मार्तंडराव. चिखलीत एका कचेरीत क्लार्क, अंगानं किडकिडीत, बोलायला हळू. पण नाक असं की काय सांगू. मला ओठाला लावायच्या आधी ते डोळे मिटून मला नाकाखाली धरत, आणि मग त्यांचा श्वास मध्येच थबके. तो थबकला की मला कळायचं, सापडलं.

"जळालेल्या भाकरीचा पापुद्रा," काळ्या बिअरला ते म्हणत.

"पापुद्रा नाही बे. भाजल्या शेंगदाण्याचं टरफल हाये ते," शालिग्राम लगेच उसळायचा. "तुले नाक हाये का भोकं हायेत?"

झालं, भांडण सुरू. मला विहिरीच्या पाण्यानं विसळायचं, दुसरी ओतायची, पुन्हा पहिलीशी ताडून पाहायचं. एका आंबट बिअरवरून तर कवठ की चिंच असा वाद पेटला आणि दोघं एकमेकांशी न बोलता घरी गेले. पुढच्या रविवारी मार्तंडराव पिशवीत पिकलं कवठ घेऊन हजर. शालिग्रामनं चिंच आणलेली. दोन्ही माझ्या शेजारी मांडली, तिघांनी आळीपाळीनं हुंगली, आणि शालिग्राम म्हणाला, "कवठच हाये लेका. पण कच्चं." तेवढीसुद्धा माघार पुरी घ्यायची नाही!

मग हा नियमच झाला. ज्याचा दावा, त्यानं पुरावा आणायचा. मार्तंडरावांच्या डब्यात एकदा जळक्या भाकरीचा तुकडा त्यांच्या बायकोला, वासंतीबाईंना सापडला. "भाकर जाळाची होती तं मले सांगाचं. मी काय रोज जाळत नाही का?" असं त्या म्हणाल्याचं मार्तंडरावांनीच शेतात सांगितलं, आणि मी तिघांना पोट धरून हसताना पाहिलं. कुणी झिंगेपर्यंत प्यायचं नाही. नाक बधिर होतं म्हणे. माझ्या आयुष्यातले ते सुखाचे दिवस होते. काचेला सुख कळतं का, असं विचारू नका. मला कळत होतं.

मग ती तापाची साथ आली. शेतातलं जमणं थांबलं. मोटारीच्या खोलीतल्या कोनाड्यात आमच्यावर धूळ बसली. मार्तंडरावही आजारी पडले, दवाखान्यात राहिले, वाचले. पुढे सगळं सुरळीत झालं तेव्हा तिघं पुन्हा जमले. मला घासूनपुसून भरलं. मार्तंडरावांनी डोळे मिटले, मला नाकाखाली धरलं.

श्वास थबकला नाही.

त्यांनी पुन्हा हुंगलं. मग आणखी एकदा, इतक्या जोरात की फेस नाकाला लागला. डोळे उघडून त्यांनी रंग पाहिला. काळा होता. "जळालेल्या भाकरीचा पापुद्रा," ते म्हणाले. मला रडू आलं असतं, पण ग्लासाला बाहेरून घाम सुटतो तेवढाच.

त्यानंतर ते रंगावरून, टिनवर छापलेल्या माहितीवरून आणि आठवणीवरून बोलत राहिले. शालिग्राम पूर्वीसारखाच भांडायचा आणि त्या भांडणात मार्तंडरावांचं उणं झाकून जायचं. मला वाटलं, निभेल.

पण एका रविवारी मागच्या खोलीत मोटारीचं वायंडिंग जळालं. घशात बसणारा तो वास. कुशल सर खोकत उठले, शालिग्राम मोटारीचा खटका पाडायला धावला. मार्तंडराव बाजेवर बसून शांतपणे मला हुंगत होते. दाराकडे त्यांची पाठ होती. शालिग्रामनं परत येऊन त्यांच्याकडे पाहिलं, कुशल सरांकडे पाहिलं, आणि मार्तंडरावांचा हात धरून त्यांना बाजूला नेलं. "मोटार जळाली बे," एवढंच म्हणाला.

पुढच्या खेपेपासून भांडणं बंद झाली. मार्तंडराव म्हणाले पेरू, तर दोघं म्हणत पेरू. ते म्हणाले लिंबाची साल, तर कुशल सर म्हणत, "हाव, बराबर." शालिग्राम मान हलवायचा. ती माणसं वाईट नव्हती हो. मित्राचं मन राखत होती. पण मला ते ऐकवत नव्हतं.

मार्तंडरावांच्याही ध्यानात आलं असावं. एके दिवशी त्यांनी मला हुंगण्याचं नाटक केलं आणि म्हणाले, "याच्यात रॉकेलचा वास येते."

माझ्यात होती साधी गव्हाची बिअर. संत्र्याच्या सालीचा घमघमाट सुटला होता.

कुशल सर थोडं थांबून म्हणाले, "हाव. हलकासा येते."

मार्तंडरावांनी शालिग्रामकडे पाहिलं. "अन् तुले?"

शालिग्राम जमिनीकडे बघत होता. "येते," तो म्हणाला.

"शाल्या, तू तं भांडला असता बे."

"तुयासंग काय भांडू आता मी?"

मार्तंडरावांनी मला रिकामं केलं, स्वतः विसळलं, रुमालात गुंडाळलं आणि घरी आणलं. त्यानंतर ते शेतात गेले नाहीत. कुशल सरांचे फोन येतात. "तब्येत बरी नाही," असं सांगून ते ठेवून देतात.

आता मी चिखलीत, स्वयंपाकघरातल्या फळीवर, चहाच्या कपांच्या शेजारी असतो. मला गोंजारून नाकाखाली धरणारं कुणी नाही. वासंतीबाई दुपारचा मठ्ठा माझ्यात देतात. परवाही दिला. त्या समोर उभ्या होत्या, म्हणून मार्तंडरावांनी त्यांचं मन राखायला म्हटलं, "वा! जिऱ्याचा वास मस्त सुटला."

"जिरं नाही टाकलं मी," वासंतीबाई कोथिंबिरीची वाटी दाखवत म्हणाल्या. "सांभार टाकला हाये. खोटं काऊन बोलून राह्यले तुमी?"

किती दिवसांनी कुणीतरी त्यांना चूक म्हटलं. मार्तंडरावांनी मला खाली ठेवलं. मग म्हणाले, "मले वास येत नाही, वासंती. दवाखान्यातून आलो तवापासून कायचाच येत नाही."

वासंतीबाई खाली बसल्या. त्यांनी मार्तंडरावांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"आठवणीवर बोलत होतो. आता आठवतही नाही. सांभाराचा वास कसा असते, सांग ना."

वासंतीबाईंनी वाटीतली कोथिंबीर उचलली, हुंगली. सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. पुन्हा हुंगली.

"सांभारासारखा असते," त्या म्हणाल्या, आणि त्यांना रडू फुटलं. मार्तंडरावही रडले. मी दोघांच्या मध्ये होतो, मठ्ठ्यानं अर्धा भरलेला.

माझं एकच मागणं आहे. तुम्ही कधी अमडापूरच्या रस्त्यानं गेलात, तर विहिरीपाशी थांबून शालिग्रामला एक निरोप द्या. म्हणावं, मार्तंडरावांच्या घरी ये. कवठ आण, चिंच आण, काही आणलं नाहीस तरी चालेल. पण आल्यावर हाव म्हणू नकोस. त्यांच्याशी भांड.