दाताची खूण

नव्या वर्षाच्या दिवशी, भरदुपारी, आंब्रुआज काकांकडे सगळी वस्ती जमली होती. चुलीवर खिम्याच्या गोळ्यांचं सूप रटरटत होतं, फिडल वाजत होतं. फिलोमेन कोपऱ्यात बसून फक्त एल्झेअरचे पाय बघत होती. गडी नाचत होता झकास, आणि जो तो त्याच्या साळिंदराच्या काट्यांची नक्षी असलेल्या जोड्यांचं कौतुक करत होता.

दीड महिन्यापूर्वी तिचा धाकटा भाऊ मोईझ याच एल्झेअरबरोबर सापळे लावायला गेला आणि बर्फात गोठून मेला. वादळात आमची चुकामूक झाली, असं एल्झेअरने रडत सांगितलं. मोईझ सापडला तो अनवाणी; फिलोमेनने त्याच्यासाठी केलेले जोडे मिळालेच नाहीत. थंडीने भ्रम झाला की माणूस अंगावरचं काढून फेकतो, असं सगळे म्हणाले. फिलोमेनने ऐकून घेतलं. पटलं मात्र नाही.

"कुणी केले रे हे जोडे?" तिने एल्झेअरला विचारलं.

"मावशीने. तिकडे पेंबिनाला असते."

"बघू तरी. ठेव पाय इथे." तिने मांडी थोपटली.

"ठेव रे, चावणार नाही ती!" काका म्हणाले. सगळे हसले.

तळ कोरा होता. जुना तळ झिजला की वरची नक्षी उसवून नव्या तळाला शिवतातच, त्यात काही वावगं नाही. किनारही त्याने बदलली होती. फुलं तेवढी ठेवली. बायकांची फुलं सगळी सारखीच, असं वाटलं असणार मूर्खाला.

फिलोमेनने पिशवीतून साळिंदराचा एक काटा काढला, तोंडात धरून मऊ केला आणि नक्षीसाठी करतात तसा दातांतून ओढून चपटा केला. तिचा पुढचा दात लहानपणीच तुटलेला. काट्यावर मधोमध बारीक रेघ उठली. तिने तो जोड्यावरच्या फुलापाशी धरला. तिथे पाकळीपाकळीत तीच रेघ होती.

फिडल थांबलं. काकांनी वाकून बराच वेळ निरखलं.

"पोरा," ते म्हणाले, "तुझ्या मावशीला तर एकही दात नाही."

"माझे भिजले होते," एल्झेअर पुटपुटला. "तो झोपला होता. मला वाटलं, मी परत येईन..."

"काढ," फिलोमेन म्हणाली.

"ताई, घर दीड मैल आहे. बोटं जातील माझी."

"त्याला किती मैल होते, मोजलं होतंस?"

कुणी मध्ये पडलं नाही. एल्झेअरशी जिचं लग्न ठरलं होतं, तीच उठली आणि तिने दार उघडून धरलं. फिलोमेनला फार बरं वाटलं. दीड महिन्यात पहिल्यांदाच तिला भूक लागली होती. त्याने काढून दिलेले जोडे शालीत छातीशी धरून ती त्याच्या मागोमाग बाहेर पडली.

"चल," ती म्हणाली. "मी मागेच आहे. थांबलास तर दिसेल मला."