मयालीतली उधई

रूपराव सिंदी स्टेशनावर मालधक्क्याचे कारकून होते. धक्क्यावर कापसाच्या गाठी जळताना त्यांनी डोळ्यांनी पाहिल्या, आणि त्याच महिन्यात स्वतःच्या घराचा विमा काढला. आळीत घराचा विमा काढणारे ते पहिलेच. त्यांच्या पत्नी मनकर्णाबाई म्हणाल्या होत्या, "कापसाच्या जिनाचा विमा असते, मोटारीचा असते. घराचा कोन काढते?"

चार वर्षांनी, चैत्रात, मधल्या खोलीच्या भिंतीवर मातीची एक रेघ वर चढलेली बाईंना दिसली. बोटानं खरवडली तर आत पांढरी उधई, वाळवी, वळवळत होती. रेघ थेट छपराखालच्या मयालीपर्यंत, आडव्या तुळईपर्यंत, गेली होती. त्याच खोलीत त्यांची लेक सखू पंधरा दिवसांच्या बाळाला घेऊन खाटेवर निजत होती.

"काळजी करू नको," रूपराव म्हणाले. "विमा आहे आपला." आणि त्यांनी वर्ध्याच्या विमा एजंटाला, ओमप्रकाशला, कार्ड टाकलं.

ओमप्रकाश तिसऱ्या दिवशी दुपारच्या गाडीनं आला. ओसरीवर बसून त्यानं कागद शेवटपर्यंत वाचला.

"रूपरावजी, हा आगीचा विमा आहे. उधईचा नाई. उधई हळूहळू खाते ना, तिचं कोनी भरून देत नाई."

रूपरावांचं तोंड उतरलं.

एजंटाचं काम तिथंच संपलं होतं. पण ओमप्रकाशचं लहानपण मामाच्या लाकडाच्या टालावर, वखारीत, गेलेलं.

"एक काठी द्या मले," तो म्हणाला.

खोलीत जाऊन तो मयालीवर ठोकत चालला. ठक, ठक, ठक. खाटेच्या बरोबर वर आल्यावर आवाज बदलला; रिकाम्या डब्यासारखा झाला. त्यानं स्टुलावर चढून खिशातला चाकू लाकडात टोचला. पातं मुठीपर्यंत आत गेलं.

तो हळूच खाली उतरला. "बाई, खाट आधी बाहेर काढा. बाकी मंग बोलू."

सखूला हात धरून ओसरीवर आणलं, बाळ आजीच्या कुशीत आलं, खाट दोघा पुरुषांनी उचलली. रूपराव स्वतः टिकाराम सुताराकडे धावले. टिकारामनं टेकू आणले, पहिला उभा केला, दुसरा उचलतच होता तेवढ्यात वर कडकड झाली. "हटा," एवढंच तो म्हणाला आणि सगळे दारात सरकले. अर्धी मयाल छपराच्या कवेलूंसकट खाली आली. धूळ ओसरीपर्यंत आली. ती बसल्यावर दिसलं, खाटेच्या जागी हातभर ढीग पडला होता.

बाळ शिंकलं आणि परत झोपलं.

टिकारामनं मग उरलेलं सगळं लाकूड तपासलं, आढ्यापासून दाराच्या चौकटीपर्यंत. संध्याकाळी हात झटकत म्हणाला, "बाकी समदा साग आहे, पक्का. त्याले काई झालं नाई. हे एकच आंब्याचं होतं. कोनं टाकलं?"

"मीच," रूपराव म्हणाले. "मागं एक मयाल बदलली तवा. स्वस्त भेटली म्हनून." हे ते बायकोसमोर आज पहिल्यांदाच कबूल करत होते.

मनकर्णाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. "मंग आता सागाची टाका," त्या म्हणाल्या, आणि वळून ओमप्रकाशला विचारलं, "गाडी गेली ना तुमची, भाऊ? जेवूनच जाजो आता. भाकर टाकून राह्यली मी."

ओमप्रकाश हसला आणि हातपाय धुवायला गेला. सखूला भूक लागली होती. ती आईला ठेचा मागत होती. रूपराव खाटेच्या कडेला टेकले. सखूनं बाळ त्यांच्या मांडीवर ठेवलं. ते त्याच्या केसांतली कवेलूची धूळ एका बोटानं, हळूहळू, पुसत बसले.